हरवलेलीं रिळें आणि त्यांचे शोधक



गेल्या सत्रांत ‘माझा संग्रह’ या विषयावर निबंध लिहावयास दिला असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न केला. तो म्हणाला, “गुरुजी, टपालाचीं तिकिटें व जुनीं नाणीं जमविणारे लोक आम्हांस समजतात. परंतु ज्या चित्रपटांचें नांवहि आज कोणास ठाऊक नाहीं, जे त्यांच्या काळींहि दुय्यम समजले जात, असे चित्रपट जमविण्यासाठीं कांहीं लोक वर्षेंच्या वर्षें खर्च करतात म्हणे! त्यांत शहाणपणा तो कोणता?” वर्गांत हशा पिकला. आम्हीहि त्या वेळीं हसलों. पण प्रश्न मनांत राहिला. कोणती वस्तु जपून ठेवण्यास योग्य आणि कोणती फेंकून देण्यास योग्य, हें ठरवावयाचें कोणीं आणि केव्हां, असा तो खरा प्रश्न आहे. म्हणून अमेरिकेतील जुन्या विनोदी रहस्यपटांचें उदाहरण घेऊन त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही येथें करीत आहों.

प्रथम हे चित्रपट म्हणजे काय तें पाहूं. रहस्यकथेंत गुन्हा असतो, गुन्हेगार दडलेला असतो, आणि त्याला हुडकून काढणारें कोणी चतुर माणूस असतें. हास्यकथेंत दुसऱ्याच्या फजितीवर आपण हसतों. या दोहोंचा संगम ज्यांत झालेला असतो त्यांस ‘विनोदी रहस्यपट’ म्हणावें. त्यांचा सांगाडा बहुधा ठरलेला असतो. वादळी रात्र आहे. रस्ता बंद झाला आहे. भिजलेले प्रवासी एका जुनाट, एकाकी वाड्याच्या दाराशीं येतात. आंत विक्षिप्त मालक, अबोल नोकर, कुलुपबंद खोल्या आणि गुप्त दरवाजे! एकाएकीं दिवा विझतो, भिंतींतून एक हात बाहेर येतो, कोठेंतरी किंकाळी उठते. आणि त्याच क्षणीं एखादें भित्रें पात्र असें कांहीं बोलून जातें कीं, अंगावर आलेला कांटा जिरतो न जिरतो तोंच हसूं फुटतें.

या प्रकाराचा उगम अमेरिकन रंगभूमीवर झाला. अर्ल डेर बिगर्स यांची ‘सेव्हन कीज टू बाल्डपेट’ ही कादंबरी सन १९१३ मध्यें प्रसिद्ध झाली व त्याच वर्षीं जॉर्ज एम. कोहान यांनीं तिचें नाटक केलें. पुढें १९२० मध्यें मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट व एव्हरी हॉपवुड यांचें ‘दि बॅट’ आणि १९२२ मध्यें जॉन विलर्ड यांचें ‘दि कॅट अँड दि कॅनरी’ हीं नाटकें रंगभूमीवर आलीं. या शेवटच्या नाटकाची कल्पना मोठी मजेची आहे. एका श्रीमंत म्हाताऱ्याचें मृत्युपत्र त्याच्या मरणानंतर वीस वर्षांनीं, मध्यरात्रीं, त्याच्याच ओसाड वाड्यांत वाचावयाचें असतें. संपत्ति एका तरुण मुलीस मिळते. पण ती शुद्धीवर आहे असें ठरलें तरच! मग त्या रात्रीं तिला भ्रमिष्ट ठरविण्याचे जे प्रकार होतात ते पाहून प्रेक्षक एकाच वेळीं घाबरतो आणि हसतो. जर्मनींतून हॉलिवुडास आलेले दिग्दर्शक पॉल लेनी यांनीं १९२७ मध्यें या नाटकाचा मूकपट केला. लांबच लांब दालनें, वाऱ्यानें हालणारे पडदे आणि भिंतीवर सरकणाऱ्या सावल्या यांमुळें तो आजहि वाखाणला जातो. १९३९ मध्यें बॉब होप या विनोदी नटास घेऊन याच कथेचा बोलपट निघाला आणि तोहि लोकप्रिय झाला.

परंतु या दोहोंच्या मध्यें, सन १९३० मध्यें, याच कथेवर ‘दि कॅट क्रीप्स’ नांवाचा एक बोलपट निघाला होता. तो आज कोठें आहे? कोठेंच नाहीं. त्याच्या ध्वनिमुद्रिका शिल्लक आहेत, आणि १९३२ मधील ‘बू!’ नांवाच्या एका लहानशा विनोदी पटांत त्यांतील कांहीं दृश्यांचे तुकडे वापरले होते, तेवढे दिसतात. म्हणजे पात्रांचे आवाज ऐकूं येतात, पण बोलणाऱ्यांचे चेहरे नाहींत. एखाद्या घरांतील माणसें निघून जावीं आणि त्यांचे शब्द मात्र रिकाम्या खोल्यांत घुमत राहावे, तशी ही स्थिति आहे. संग्राहकांची कथा येथूनच सुरू होते.

चित्रपटासारखी शेंकडों प्रती निघणारी वस्तु समूळ नाहींशी कशी होते, असें तुम्ही विचाराल. त्याचीं कारणें दोन : एक रसायनाचें आणि दुसरें माणसाच्या मनाचें. जवळजवळ १९५० पर्यंत चित्रपटगृहांत दाखविण्याच्या फिल्मा सेल्युलोज नायट्रेट या द्रव्याच्या होत असत. हें द्रव्य अत्यंत ज्वालाग्राही आहे. तें जळतांना लागणारा प्राणवायु त्याच्याच घटकांतून मिळतो. म्हणून तें एकदां पेटलें कीं पाण्यानेंहि विझत नाहीं. शिवाय न पेटतांहि तें कालांतरानें आपोआप कुजतें, चिकट होतें आणि शेवटीं त्याची तपकिरी पूड उरते. सन १९३७ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानांत लिटल फेरी येथें फॉक्स कंपनीचें कोठार जळालें आणि त्या कंपनीचे बहुतेक मूकपट एका रात्रींत नष्ट झाले.

पण आगीपेक्षांहि माणसाच्या उपेक्षेनें अधिक नाश केला. बोलपट आले तेव्हां मूकपटांस कोणी विचारीना. फिल्मेवरील चांदी काढून विकतां येते, हें कळल्यावर कित्येक प्रती वितळविल्या गेल्या. कित्येक केवळ जागा अडते म्हणून फेंकून दिल्या गेल्या. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें २०१३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९१२ ते १९२९ या काळांत त्या देशांत निघालेल्या सुमारें ११,००० मोठ्या मूकपटांपैकीं शेंकडा १४ च आपल्या मूळ स्वरूपांत शिल्लक आहेत. हा आंकडा वाचून आम्ही थोडा वेळ स्तब्ध झालों. एखाद्या ग्रंथालयांतील शंभर पुस्तकांपैकीं चौदाच धड राहिलीं, तर आपण त्यास ग्रंथालय म्हणूं काय?

यांतहि विनोदी रहस्यपटांची दशा अधिक वाईट. १९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली. प्रेक्षकांस ओढण्यासाठीं चित्रपटगृहें एका तिकिटांत दोन चित्रपट दाखवूं लागलीं. पहिला चित्रपट मोठ्या कंपनीचा. दुसरा बहुधा स्वस्तांतला, एका तासाचा. हा दुसरा चित्रपट पुरविण्याचें काम चेस्टरफील्ड, इन्व्हिन्सिबल, मोनोग्राम अशा लहान कंपन्या करीत. त्या दुसऱ्यांच्या स्टुडिओंतील जागा भाड्यानें घेत, तेथें उभे असलेले जिने व दालनें वापरीत आणि थोड्याच दिवसांत चित्रपट पुरा करीत. जुना वाडा, पांचसात पात्रें आणि एक रात्र, एवढ्यावर भागत असल्यामुळें विनोदी रहस्यपट त्यांस फारच सोयीचा वाटे. पुढें या कंपन्या बुडाल्या अथवा दुसऱ्या कंपन्यांत विलीन झाल्या. तत्कालीन अमेरिकन कायद्याप्रमाणें अठ्ठावीस वर्षांनीं स्वामित्वहक्काचें नूतनीकरण करावें लागे. पुष्कळ चित्रपटांच्या बाबतींत तें कोणीं केलेंच नाहीं. याप्रमाणें हे चित्रपट अक्षरशः बेवारशी झाले. ज्याला धनी नाहीं त्याला जपणार कोण?

त्यांस जपलें तें संग्राहकांनीं. १९२३ पासून सोळा मिलिमीटर रुंदीची, सहसा पेट न घेणारी फिल्म निघाली होती. ती घरीं अथवा शाळेंत लहान यंत्रावर दाखवितां येई. १९५० च्या सुमारास दूरचित्रवाणीसाठीं जुन्या चित्रपटांच्या अशा पुष्कळ प्रती काढण्यांत आल्या. काम संपल्यावर त्यांतील कित्येक अडगळींत पडल्या आणि तेथून शोधकांच्या हातीं लागल्या. कोणी जुन्या बाजारांतून एक रीळ आणलें, कोणी दुसरें; कोणाजवळ आरंभ होता, कोणाजवळ शेवट. पत्रव्यवहार करून, प्रती अदलाबदल करून या लोकांनीं तुकडे जुळविले.

या शोधाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सांगतों. जे. बी. प्रीस्ट्ली या इंग्रज लेखकाच्या १९२७ मधील ‘बिनाइटेड’ या कादंबरीवरून दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनीं १९३२ मध्यें ‘दि ओल्ड डार्क हाउस’ हा चित्रपट केला. वेल्समधील डोंगराळ प्रदेशांत मुसळधार पावसांत सांपडलेले पांच प्रवासी एका विलक्षण कुटुंबाच्या घरीं आश्रय घेतात, एवढीच कथा. पण भय आणि विनोद यांचें इतकें नाजूक मिश्रण क्वचितच साधलें असेल. बोरिस कार्लोफ, चार्ल्स लॉटन यांच्यासारखे नट त्यांत आहेत. असें असूनहि कथेचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले, १९६३ मध्यें तीच कथा नव्यानें चित्रित झाली, आणि जुना चित्रपट नाहींसा झाला असेंच लोक समजूं लागले. परंतु व्हेल यांचे मित्र कर्टिस हॅरिंग्टन, जे स्वतः दिग्दर्शक होते, त्यांनीं आशा सोडली नाहीं. ते कंपनीकडे पुनःपुन्हां चौकशी करीत राहिले. शेवटीं १९६८ मध्यें युनिव्हर्सल कंपनीच्या कोठारांत मूळ निगेटिव्ह सांपडली. पहिलें रीळ बिघडत चाललें होतें. रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन संग्रहालयाच्या साह्यानें तिची नवी प्रत झाली. आणखी कांहीं वर्षें गेलीं असतीं, तर डब्यांत फिल्मेऐवजीं पूड सांपडली असती. एका मित्राच्या चिकाटीनें हें घर कोसळतां कोसळतां वांचलें.

आतां संग्राहकांस या चित्रपटांत गोडी कां वाटते तें पाहूं.

पहिलें कारण असें कीं, येथें संग्राहक स्वतःच गुप्तहेर बनतो. पडद्यावरील गुप्तहेर हरवलेलें मृत्युपत्र शोधतो. पडद्याबाहेरील संग्राहक हरवलेलें रीळ शोधतो. दोघांसहि धागेदोरे, धीर आणि स्मरणशक्ति लागते. ‘चार्ली चॅन कॅरीज ऑन’ हा १९३१ मधील रहस्यपट आज उपलब्ध नाहीं; परंतु त्या काळीं स्पॅनिश प्रेक्षकांसाठीं दुसरा नटसंच घेऊन तीच कथा ‘एरान त्रेसे’ या नांवानें चित्रित केली होती, आणि ती मात्र शिल्लक राहिली. मूळ वस्तु गेली, पण तिचें दुसऱ्या भाषेंतील भावंड सांपडलें! अशा शोधांतला आनंद ज्यानें एकदां चाखला त्याला पुन्हां स्वस्थ बसवत नाहीं.

दुसरें कारण बारकाव्यांचें. नामांकित चित्रपटांविषयीं शेंकडों पंडितांनीं लिहून ठेविलेलें असतें; अप्रसिद्ध चित्रपटांत मात्र प्रत्येकास नवें कांहीं सांपडूं शकतें. ‘दि ओल्ड डार्क हाउस’ मध्यें १०२ वर्षांचा जो म्हातारा अंथरुणास खिळलेला दिसतो, त्याचें काम वस्तुतः एल्स्पेथ डजन या बाईंनीं केलें आहे. श्रेयनामावलींत मात्र ‘जॉन डजन’ असें पुरुषाचें नांव छापलें होतें. याच बाई १९३७ मधील ‘श्! दि ऑक्टोपस’ या ५४ मिनिटांच्या, दीपगृहांत घडणाऱ्या चित्रपटांतहि आहेत. हा चित्रपट बराचसा पोरकट आहे हें संग्राहकहि कबूल करतात. पण त्यांत एक क्षण असा आहे कीं, एका पात्राचा चेहरा फिल्म कोठेंहि न तोडतां आपल्या डोळ्यांदेखत भयंकर होतो. यांत जादू नाहीं; विज्ञान आहे. चेहऱ्यावर तांबड्या रंगाच्या रेषा काढलेल्या असतात. तांबड्या कांचेंतून चित्रण केलें कीं त्या त्वचेंत मिसळून जातात. कांच बदलून हिरवी अथवा निळी केली कीं त्याच रेषा काळ्या दिसूं लागतात. काळ्यापांढऱ्या फिल्मेवर रंग दिसत नसल्यामुळें ही युक्ति उघडी पडत नाहीं. मुलांनीं पांढऱ्या कागदावर तांबड्या पेन्सिलीनें चित्र काढून तें आधीं तांबड्या व मग हिरव्या कांचेंतून पाहावें. म्हणजे आमचें म्हणणें त्यांस पटेल. रद्दी समजल्या गेलेल्या चित्रपटांत पदार्थविज्ञानाचा असा सुंदर पाठ दडलेला असतो!

तिसरें कारण हास्याचें. केवळ रहस्यावर उभी असलेली कथा एकदां उलगडली कीं संपते. गुन्हेगार कोण हें कळल्यावर ती पुन्हां कोण पाहील? परंतु हास्य शिळें होत नाहीं. ‘दि पेंग्विन पूल मर्डर’ या १९३२ मधील चित्रपटांत न्यूयॉर्कची एक प्रौढ शिक्षिका, मिस हिल्डेगार्ड विदर्स, आपला वर्ग घेऊन मत्स्यालय पाहावयास जाते. पळणाऱ्या खिसेकापूस ती आपल्या छत्रीनें आडवा पाडते. आणि थोड्याच वेळांत पेंग्विन पक्ष्यांच्या हौदांत एक प्रेत आढळतें. मग पोलीस अधिकारी एकीकडे आणि वर्ग संभाळण्यांत आयुष्य घालविलेल्या या बाई दुसरीकडे! स्टुअर्ट पामर यांनीं निर्माण केलेल्या या शिक्षिकेचें काम एडना मे ऑलिव्हर यांनीं तीन चित्रपटांत केलें. त्यांची करडी नजर पाहून आम्हां शिक्षकवर्गास विशेष अभिमान वाटतो, हें येथें नमूद करण्यास हरकत नाहीं.

तसाच १९३४ मधील ‘दि घोस्ट वॉक्स’. एक नाटककार एका नाट्यनिर्मात्यास जुन्या घरांत आणून नटांकरवीं आपलें नाटक खरी घटना म्हणून करून दाखवितो. पण मध्येंच खराच खून पडतो, आणि नाटकाचें बिंग फुटल्यामुळें निर्माता मात्र सर्व कांहीं खोटेंच समजून हसत राहतो! खोट्या भयास भिणारे आणि खऱ्या भयास हसणारे आपण सर्वच कधीं ना कधीं असतों. म्हणून हा विनोद आपणांस लागू पडतो. शेवट आम्ही सांगत नाहीं. १९३० मधील ‘दि बॅट व्हिस्पर्स’ या चित्रपटाच्या अखेरीस तर नट चेस्टर मॉरिस स्वतः पुढें येऊन, रहस्य कोणास सांगूं नका, अशी प्रेक्षकांस विनंति करतो. ती विनंति आम्हीहि पाळतों.

आतां दोन इशारे. जें जुनें तें सर्व चांगलें असा याचा अर्थ नव्हे. या चित्रपटांत कृष्णवर्णीय नोकरास भित्रा आणि मूर्ख दाखवून त्यावर हशा मिळविण्याची हलकी रीति वारंवार दिसते. चिनी गुप्तहेर चार्ली चॅन याचें काम वॉर्नर ओलंड या स्वीडनमध्यें जन्मलेल्या नटानें केलें आहे. असें दृश्य पाहतांना हसण्याआधीं विचार करावा आणि वडील मंडळींनीं मुलांस तें समजावून द्यावें. तें कापून टाकूं नये. कारण आपल्या पूर्वीचे लोक कोठें चुकले हें कळण्यासहि पुरावा लागतो.

दुसरा इशारा संग्राहकांच्या वृत्तीविषयीं. संग्रह आणि सांठा यांत फार अंतर आहे. आपल्याजवळ जगांतील एकमेव प्रत आहे या अभिमानानें ती पेटींत कुलूप लावून ठेवणारा मनुष्य तिचा रक्षक नसून मारेकरी आहे. कारण न पेटणारी फिल्महि उष्ण व दमट जागीं आंबते आणि तिला शिर्क्यासारखा वास येऊं लागतो. कायद्याची भीतिहि पुष्कळांस होती. १९७४ मध्यें अमेरिकन तपासखात्यानें रॉडी मॅक्डॉवल या नटाच्या घरांतील चित्रपटांचा संग्रह जप्त केला, तेव्हां अनेकांनीं आपल्या प्रती लपविल्या. उलट जेथें विश्वासानें वस्तु संस्थेच्या हवालीं झाली तेथें ती सर्वांची झाली. ‘दि बॅट व्हिस्पर्स’ ची रुंद फिल्मेवरील आवृत्ति हरवली असें मानलें जात होतें. ती सुप्रसिद्ध नटी मेरी पिकफर्ड यांच्या संग्रहांत निघाली, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयानें ती पुन्हां पाहण्यायोग्य केली.

या गोष्टी परदेशच्या म्हणून आपण अलिप्त राहूं नये. आपल्या देशांतील मूकपटांचीहि हीच गत झाली. शेंकडों निघाले, त्यांपैकीं फारच थोडे उरले. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’ चा कांहीं भागच आज पाहावयास मिळतो. १९६४ मध्यें पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें आणि पी. के. नायर यांनीं गांवोगांव हिंडून, जुन्या माणसांच्या घरचे डबे उघडवून, मिळेल तें रीळ तेथें आणलें. तरीहि २००३ च्या जानेवारींत पुण्यास आग लागून नायट्रेटचीं कित्येक रिळें जळालीं. जपणें हें एकदां करून संपणारें काम नाहीं. तें पिढ्यान् पिढ्या करीत राहावें लागतें.

आतां आमच्या त्या विद्यार्थ्यास उत्तर देतों. बाळ, आपल्या काळीं कोणती वस्तु मोठी आणि कोणती क्षुद्र हें आपण ठरवितों खरे. पण तो निकाल शेवटचा नसतो. ‘दि ओल्ड डार्क हाउस’ ची निगेटिव्ह कोठारांत पडून होती तेव्हां ती अडगळच होती. आज तीच ठेव आहे. श्रेष्ठ कृतींस रक्षक पुष्कळ मिळतात. किरकोळ समजल्या गेलेल्या वस्तूंस मात्र कोणाच्या तरी लोभाखेरीज दुसरा आधार नसतो. संग्राहकाचा शहाणपणा तो हाच कीं, जग निकाल बदलीपर्यंत ती वस्तु तो जिवंत ठेवतो.

आणि पालकांस आमची एवढीच विनंति कीं, पुढील सुट्टींत घरांतील माळा झाडतांना जुनीं छायाचित्रें, पत्रें, मासिकांचे अंक अथवा एखादा गंजलेला फिल्मचा डबा निघाला, तर रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं तो मुलांपुढें ठेवावा. हें कोणाचें, केव्हांचें, यांत कोण दिसतें, असे प्रश्न मुलांस विचारूं द्यावे. ज्या आजोबांस अथवा आजीस त्यांचीं उत्तरें ठाऊक आहेत तीं माणसें अद्यापि घरांत असतील. चित्र आहे आणि आवाजहि आहे, असा हा काळ फार दिवस टिकत नाहीं.